भुवयांचा होकार

प्रिय लिजून,

शाळेतली लाटांची कविता मला अजून तोंडपाठ आहे, पण तुला लिहायला शब्द सापडत नाहीत.

आपल्या बेटांवरून इथे आर्कान्सामध्ये नव्याने आलेल्या माणसांसोबत मी दवाखान्यात जातो. तुझ्या लेकाला, रँटनला मात्र एकट्याला आत पाठवून मी गाडी लावत बसलो. दुभाषीण फोनवर होती. 'डायलिसिस हवं का?' असं तिनं विचारल्यावर त्यानं आपल्या रीतीनं होकाराच्या भुवया उंचावल्या. तिला काय ऐकू येणार? कागदावर नकार नोंदला गेला.

'अरे, तोंडानं हो म्हणायचं ना!' तो बाहेर आल्यावर कागद वाचून मी ओरडलो.

'म्हटलं की, मामा,' तो हसला.

नवी तारीख मिळेपर्यंत उशीर झाला. आता तो डोळेही उघडत नाही.

तू फोनवर विचारतेस, 'बरा आहे ना रे, दादा?' खोटं बोलायला आवाज फुटत नाही, म्हणून मी नुसत्या भुवया उंचावतो.

तुझा दादा,
कैबोकी