पीठ झाकून ठेवलंय

साहेब, माझी आजची रजा तुम्ही रद्द केलीत, आणि तोंडावर सांगायची हिंमत केली नाहीत. काल बेकरीच्या फळ्यावर सगळ्या बायकांसमोर मला ते वाचावं लागलं. खाली सही माझ्याच नवऱ्याची! स्वतःची सुट्टी मात्र शाबूत. रात्री शेजारी बसून जेवलात, पण ब्रही काढला नाहीत.

हे झालं साहेबांना. आता नवऱ्याला लिहिते.

लेकीच्या वाढदिवसाचा पिझ्झा तूच कर. पीठ मळून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलंय. फुगून दुप्पट झालं की हलकेच दाबून हवा काढ, चार गोळे कर आणि पंधरा मिनिटं विसर त्यांना. मग हातानेच पसरव. लाटणं लावलंस तर पापड होईल. ओव्हन आधी कडक तापू दे.

पीठ दोघी मिळून मळू, असं मी तिला कबूल केलं होतं. पहाटे एकटीनेच मळलं. वाटीभर मैदा आणि चिमूटभर यीस्ट तिच्यासाठी बाजूला ठेवलंय, तेवढं तिला मळू दे. आई कुठे गेली विचारलं तर नुसतं "कामावर" म्हणून सुटू नकोस. कोणी पाठवलं तेही सांग.

सहाला येते. एवढ्या बायकांत माझीच रजा का कापलीस? घरची आहे, गप्प बसेल म्हणून? उत्तर हवंय, आणि तोंडाने हवंय. फळ्यावर लावू नकोस.