एका भागाला एकच धागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, रुग्णालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेली, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती घरातल्या इतर कोणाहीपेक्षा बरी आहे आणि हे मला कोणी पढवून लिहून घेतलेले नाही. वकीलबाईंनी सगळे दोन पानांत बसवले होते. तो मसुदा मी परत केला. माझ्या पश्चात अंमलबजावणी मात्र त्यांनीच करावी.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या मुलाला. "आई, अनोळखी लोकांशी मालिकांवरून कसली भांडतेस दिवसभर?" असे तो नऊ वर्षे म्हणत आला. माझे खुब्याचे हाड मोडले तेव्हा त्याच अनोळखी लोकांपैकी तेराजण मला बघायला आले आणि शेजारच्या वॉर्डातून खुर्च्या आणता आणता याची दमछाक झाली. त्यानंतर तो या विषयावर बोललेला नाही. घर त्याने विनाअट घ्यावे.

कलम २. टीव्ही नणंदेला. "मी नाही बाई असलं काही बघत," असे म्हणून ती दर रविवारी फोनवर आठवड्याच्या सगळ्या भागांची चौकशी करते. आता स्वतः बघावे.

कलम ३. माझी खरी मिळकत, म्हणजे मालिकांवर गप्पा मारणाऱ्यांच्या संकेतस्थळाचे व्यवस्थापकपद, त्याचा पासवर्ड (बंद पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात) आणि मी लावलेले दोन हजार एकशे सोळा धागे (चर्चेच्या पानाला तिथे धागा म्हणतात). हे कायद्याने मिळकतीत मोडत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. न मोडो. ते कसे उभे राहिले हे मात्र लिहायलाच हवे.

माझे पती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, वाचा गेली. दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाची मालिका आम्ही दोघे मिळून बघत असू. ते गेल्यावर ती एकटीने बघवेना आणि सोडवेनाही. बोलायला कोणी मिळेल म्हणून या संकेतस्थळावर गेले. तिथे सगळ्या मालिकेला मिळून एक धागा, नऊशे प्रतिसाद, मंगळवारच्या भागाखाली शुक्रवारची भांडणे, मध्येच कोणाच्या तरी गुडघेदुखीवर उपाय. त्यातच 'घाईगर्दी' नावाच्या सदस्याने थोरल्या भावाला कोणी मारले ते लिहून टाकलेले. मी तो भाग पाहिलाही नव्हता! संकेतस्थळाचे मालक संगणक दुरुस्तीचे काम करत. त्यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले, "मग ताई, तुम्हीच लावा की नीट."

लावले. एकतीस वर्षे मी रुग्णांच्या फायली लावल्या. एकाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत गेला तर काय होते, हे मला कोणी सांगायला नको. एका भागाला एकच धागा. मथळ्यात मालिकेचे नाव, भाग क्रमांक, तारीख. सुरुवातीला सारांश. पुढचे ठाऊक असणाऱ्यांसाठी वेगळा विभाग. लोक चिडले, मला 'हेडबाई' म्हणू लागले. दोन महिन्यांत तेच लोक नव्या सदस्यांना नियम समजावून सांगत होते.

कलम ४. घाईगर्दी. या गृहस्थांचे टायरचे दुकान आहे. त्यांनी पुन्हा एका मालिकेचा शेवट फोडला तेव्हा मी त्यांचा धागा कुलूपबंद केला, त्यात पुढे कोणाला लिहिता येईना. ते तणतणत साठ सदस्य घेऊन गेले आणि स्वतःचे संकेतस्थळ काढून बसले. चार वर्षांनी आमच्या मालकांनी कळवले, महिनाअखेर सगळे बंद, काहीही उरणार नाही. आम्ही चाळीसजणांनी धागे वाटून घेतले. कोणी कोणता भाग उतरवला, ते मी वहीत नोंदवत होते. पण उतरवलेले ठेवायला जागाच नव्हती. तेवढ्यात घाईगर्दी यांचा फोन आला.

"बाई, आमच्याकडे या सगळं घेऊन."

"आणि नियम?"

"तुमचेच. आमच्याकडे कोणाला काही सापडतच नाही हो."

चार वर्षे मी या वाक्याची वाट पाहत होते, हे त्यांना तेव्हा सांगितले नाही. इथे सांगते. महिना संपायला दोन दिवस असताना शेवटचा धागा नव्या जागी लागला. एकही गहाळ नाही. ती वही घाईगर्दी यांना द्यावी. त्यांचा तो धागा मात्र कुलूपबंदच राहील.

कलम ५. व्यवस्थापकपद. एकदा एका अनोळखी मुलीचा निरोप आला, "आज सारांश का नाही? बाबा वाट बघतायत." तिचे बाबा पेटी शिकवणारे मास्तर, दृष्टी गेलेली. संवाद त्यांना ऐकू येत. कोणी बोलत नसताना काय घडले, ते मुलगी कामावरून आली की माझ्या धाग्यातून वाचून दाखवी. त्या दिवसापासून मी न बोललेलेही लिहू लागले. कोणी मान फिरवली, कोणी दार उघडे ठेवले, आईने पत्र न वाचताच घडी घातली. दीपगृहाच्या शेवटच्या भागानंतर मास्तरांना सारांशापर्यंतही धीर धरवला नाही. स्वतः फोन केला.

"शेवटी ती आई बोलता बोलता का थांबली हो?"

"दिवा लागला, मास्तर. तिने वर बघितलं."

ते म्हणाले, "हां. आता दिसलं."

नोकरीत मला दोन प्रशस्तिपत्रे मिळाली. ती टाकून दिली तरी चालतील.

मास्तर गेले. त्यांची मुलगी परिचारिका आहे. माझ्या खुब्याच्या वेळी तीन महिने सारांश तिने लिहिले. मी चुका शोधायला बसले होते, एकही सापडली नाही. व्यवस्थापकपद तिला. कोणी कितीही गोड बोलले तरी तिने धागे एकत्र करू नयेत.

कलम ६. मी गेल्याचे सदस्यांना जरूर कळवावे. ज्यांना माझ्याशी झालेले भांडण आठवत असेल त्यांनी ते लिहावे. नुसते हात जोडलेले चित्र टाकू नये. आणि त्या दिवशी एखादा भाग असेल, तर आधी त्याचा सारांश लिहावा. कोणीतरी वाट बघत असते.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार, सकाळी अकरा

सही: हेडबाई (कायदेशीर नावाची सही शेजारी केली आहे)

आमच्यासमोर, वाचून, समजून सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही:
१. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले