सहदेवबाबाचे तांदूळ

६ जानेवारी, मंगळवार

सापडलो. म्हणजे गावातल्या दत्ताच्या टेंपोनं घरी आणून सोडलं. रविवारी कर्जतला गॅसची टाकी आणायला निघालो होतो, सापडलो खोपोलीत. डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते जाड पाइप दिसले. म्हटलं, सुरू कुठून होतात ते बघू. बघितलं. टाकी कुठं राहिली माहीत नाही.

आबा ओरडले नाहीत. त्याचीच भीती वाटली. आईला एवढंच म्हणाले, "अवसेला सहदेवबाबाला तांदूळ बघाय सांगू. कुनी धरलं असंल तर तो काढंल. नाय तर दुसऱ्या दिशी, सोमवारी, घाटावर."

सहदेवबाबा म्हणजे डोंगरावरच्या वाडीतला भगत. घाटावर म्हणजे मठ. पोरं सुधरवतात तिथं. पायात साखळी घालून, वर्ष वर्ष.

७ जानेवारी, बुधवार

छायाताई सासरहून आली आणि मला कर्जतला घेऊन गेली. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दर बुधवारी समिधा मॅडम बसतात, माझ्यासारख्या पोरांना भेटतात. "माझ्यासारख्या" हा ताईचा शब्द. मी दारातच उभा. विचारलं, बसावं लागतं का?

"नाही. चालू या की."

नदीच्या कडेनं गेलो. माझे हात फडफडायला लागले, मी खिशात कोंबले. "राहू दे बाहेर," म्हणाल्या. मी विचारलं, किती दिवसांत बरं करणार? अवस अठराला आहे.

"तू आजारी नाहीस, साईराज. तुझं डोकं वेगळ्या तऱ्हेनं चालतं. ते बदलायचं नाही. त्यात तुझी दमछाक होते ना, ती कशी कमी होईल ते बघू."

बदलायचंच नाही, तर अठराला मी घरी दाखवू काय?

९ जानेवारी

ही वही मॅडमनीच बुधवारी दिली; मंगळवारचं मागाहून आठवून लिहिलं. कुणाला दाखवायची नाही, त्यांनापण नाही.

आज ओट्यावर सरळ बसायचा सराव केला. अकरा मिनिटं झाली. मग मुंग्यांची रांग दिसली — न्हाणीमागून थेट चिंचेपर्यंत जाते, मधे दोनदा फुटते आणि परत एक होते! का फुटते? तिथं काहीच नाही.

परत आलो तर आबा ओट्यावर, पाय खाली सोडून. डाव्या घोट्याला ती काळी गोल खूण. लहानपणी बैलाच्या दाव्यात पाय अडकला होता म्हणतात. आबा एका जागी तासन्‌तास बसू शकतात. दगडासारखे. लोक म्हणतात, पदू किती शांत माणूस. मला ते तसे बसले की जास्त भीती वाटते.

११ जानेवारी

आईनं माझी बॅग भरली. दोन चड्ड्या, टॉवेल, स्वेटर. चपला ठेवल्या नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार

मॅडमना मठाचं सांगून टाकलं. चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "माणसाला असं साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे. मी बोलू आबांशी?" नको म्हटलं. मग हो म्हटलं.

त्यांनी तिथूनच फोन लावला. बराच वेळ त्याच बोलत होत्या. पलीकडून शेवटी एवढंच आलं, "मी बाप हाय त्याचा." आणि फोन बंद.

मॅडमनी एक गोष्ट ठरवून दिलीय. निघावंसं वाटलं तर निघायचं, पण आधी एका माणसाला सांगून. कुठं चाललो, किती वाजता येणार. मी ताईला सांगितलं — कोंडाण्याची लेणी, तीनला परत. साडेचारला आलो. पण आलो.

१७ जानेवारी

पळून जावं. आमच्या गावचा विकास माथेरानला घोडे फिरवतो, तो ठेवून घेईल. पण सांगून निघायचं ठरलंय. ताईला सांगितलं तर ती रडणार. म्हणून बसलोय.

१८ जानेवारी, रविवार, अवस

सकाळीच आबा नि मी वाडीवर चढलो. सहदेवबाबा अंगणात सूप घेऊन बसलेले. मूठभर तांदूळ माझ्यावरून ओवाळले, सुपात टाकले आणि दोन-दोन दाणे बाजूला सारत गेले. सगळे जोडीनं गेले तर अंगात कोणीतरी आहे. एक उरला तर कोणी नाही.

माझी मान हलत होती, थांबतच नव्हती. मनात एकच — जोडीनं जाऊ देत. कोणी असलं तर काढतील, इथंच मिटेल. नसलं तर मग मीच उरतो.

एक उरला.

"कोन नाय रं याच्यात," बाबा आबांना म्हणाले. "पोरगा असाच हाय."

"मंग उद्या घाटावर."

बाबांनी सूप खाली ठेवलं. "पदू, तुझ्या टायमालापन एकच दाना उरलेला. तुझ्या बापाला मी हेच बोललो. त्यानं नेलाच तुला. काय सुधारला रं तू? भटकायचास तवा हसायचास तरी."

आबा खाली बघत होते. मीपण बघितलं, त्यांच्या घोट्याकडे. दावं नव्हतंच ते.

उतरताना आबा पुढं, मी मागं.

१९ जानेवारी, सोमवार

उठलो तर बॅग दारात, आणि आबा चपला घालून उभे. आबांनी वाकून माझ्या चपला माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "त्या बाईकडं बुधवारी मी आलो तर चालंल?"

मग हळूच,

"बसाय लागतं का रं तिथं?"