न भरलेल्या चार चिठ्ठ्या

३ मार्च

लायसन्स जाणार! माझं! चौदा वर्षं ॲम्ब्युलन्स चालवतेय, कुणाचा साधा आरसा फोडला नाही, आणि आज आमच्या साहेबांनी चार चलानं टेबलावर आपटली. चारही वेग जास्त म्हणून. अरे, मग काय गोगलगायीसारखी चालवू?

साहेब म्हणाले, "ओरडू नका बाई. गाडीत पेशंट असला की दंड माफ होतो, पण फेरीची चिठ्ठी भरून द्यावी लागते. या चार फेऱ्यांची चिठ्ठीच नाही. दंडही वर्षभर थकलाय. आता एकवीस तारखेपर्यंत पेशंटच्या घरच्यांचं लेखी आणा, की त्या वेळी पेशंट गाडीत होता. एक जरी राहिलं, तरी लायसन्स सहा महिने निलंबित आणि नोंद कायमची."

नोंद असलेल्या ड्रायव्हरला ॲम्ब्युलन्सवर कुणी घेत नाही. ते काही त्यांनी सांगायची गरज नव्हती.

४ मार्च

चिठ्ठ्या मी विसरले नव्हते. इथे तरी खरं लिहिते. पेशंट वाटेतच गेला, तर त्या फेरीची चिठ्ठी आमच्यात कुणी भरत नाही. 'पोहोचल्यावर स्थिती' असा रकाना असतो, तिथे हात चालत नाही. मला शिकवणाऱ्या ड्रायव्हरकाकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं — "ती फेरी घरी न्यायची नाही. आत जाऊन पुढं काय झालं तेही विचारायचं नाही." पूर्वी कॅमेरे नव्हते, खपून जायचं.

नवरा म्हणतो, "भरून टाक ना दंड, विषय संपव." दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल! नोंद राहतेच. मुळीच नाही भरणार. चारही घरांची दारं वाजवणार.

७ मार्च

पहिलं घर. आजी एकट्याच होत्या. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा शोधला, सही केली, वर मलाच पाणी दिलं. म्हणाल्या, "यांना घेऊन किती जिवाच्या आकांतानं पळवलीत हो गाडी! त्याचा दंड?" जिन्यात येऊन रडले. मग दुपारची ड्यूटी केली.

८ मार्च

दुसऱ्या घराला कुलूप. परत जाईन.

१२ मार्च

दुसऱ्या घरची सही मिळाली. तिसऱ्या घरी मात्र मुलगा अंगावरच आला — "आता कागद मागताय? तेव्हा अजून जोरात का नाही नेलंत बाबांना?" दार धाडकन बंद! मलाही संताप आला. ओठांवर आलेलं गिळलं. पण हलले नाही, पायरीवर बसून राहिले. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, माझ्या हातातला कागद घेतला, सही केली आणि आत गेला.

१७ मार्च

चौथं घर. पाच दिवस टाळतेय.

१८ मार्च

चौथ्या फेरीतली पेशंट, शिवणकाम करणारी बाई. तिशीची असेल. मशीनवरच कोसळली होती. मागे आमचा ब्रदर, गाडीवरचा नर्स, तिची छाती दाबत होता, पुढे माझ्या शेजारी तिची सहा वर्षांची पोर. सारखी विचारत होती, "आई उठली का?" आणि मी, "उठेल हं आता, आलंच हॉस्पिटल." गेटपाशी ब्रदरनं आरशातून माझ्याकडे बघून नुसती 'नाही' अशी मान हलवली. डॉक्टरांनी स्ट्रेचर ओढून नेलं. पोरीला नर्सच्या हातात दिलं आणि मी गाडी वळवली. वळून बघितलं नाही.

आता त्याच पोरीच्या दारात जाऊन सही मागायची? माझं लायसन्स वाचवा म्हणून? लाज वाटते.

ब्रदर म्हणाला, "ताई, तिथं नका जाऊ. सहा महिने घरी बसा, मी साहेबांशी बोलतो." सहा महिने! आणि मग काय, भाजीचा टेम्पो चालवू? ही गाडी मला सोडायची नाही. शिवाय त्या पोरीशी खोटं बोलले, निदान एकदा तोंड तरी दाखवायला हवं. शिव्या देतील तर खाईन. उद्या सकाळी, काहीही होवो.

१९ मार्च

दार तिनंच उघडलं. पोरीनं नाही — मशीनवर कोसळलेल्या त्या बाईनं! म्हणाली, "कोण हवंय?"