बाल्कनीतला केक

अहो,

मी कामावर निघाले. चिमणीला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. उंचीच्या मानाने वजन ठीक आहे म्हणाल्या. माझा तर जीव भांड्यात पडला! वजनकाटा माळ्यावर टाकलाय, तो खाली काढायचा नाही. आधी तिला एकटीला बसवून मोजकं वाढायचं, हेही आजपासून बंद. सगळ्यांनी एकच जेवण जेवा आणि रोज तिच्याबरोबर पळापळी खेळा, असं सांगितलंय.

आणि तुमचं ते बाल्कनीत चोरून केक खाणं पुरे झालं. तिला कधीचं माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाबांनाही माझ्यासारखं एकटंच खावं लागतं."

मी येईपर्यंत थांबा. आज तिघांची ताटं एकदमच वाढू.