खुडूक कोंबडीची परकी पिल्लं

चि. निकेत,

आशीर्वाद मागाहून देते, आधी सांग, फोन चुलीत घातलास काय? कधी लावावा तर बंद. (पाखरं बिथरतात म्हणून बंद ठेवतोस, असं तुझी आई सांगते. मावशी बिथरली तर चालते.) तब्येत सांभाळ, चिखलात बसून फोटो काढू नकोस. इकडे आम्ही बरे, म्हणजे रविवारपर्यंत.

रविवारी आपल्या रुचिताला बघायला म्हसळ्याची माणसं येतायत. मुलगा गणराज, फॉरेस्टात गार्ड. आणि नेमकं याच महिन्यात बांधावरचं गवत कापताना माझ्या विळ्यापुढे घरटं उघडं पडलं. बोराएवढी ठिपक्यांची अंडी. तिथेच ठेवली असती तर कावळ्याने संध्याकाळ बघू दिली नसती. घरी कोंबडी खुडूक बसलेली, दिली तिच्याखाली सारून. हात सवयीचे, डोक्याला विचारत नाहीत. आठवड्याभरात तीन पिल्लं निघाली, सुपारीएवढी, आणि निघाली तीच धावत. शेजारची नीराबाई कुंपणावरून म्हणते, "अगो केसर, ही लाव्याची हायत! रानातलं पाखरू घरात आणि जावई फॉरेस्टातला! येताना बेड्या घेऊन ये म्हणून सांगितलंस काय?" तेव्हापासून माझ्या घशाखाली भात उतरत नाही.

गणपतीत तू सांगितलं होतंस, पावसाळी लाव्याची छाती काळी, रानलाव्याच्या पोटावर पट्टे, आणि पायाला मागचं बोट नसेल, तीनच असतील, तर तो लावाच नव्हे, नुसता दिसतो तसा. (त्या जातीत नर अंड्यांवर बसतो आणि मादी मिरवते, हे तुझ्या काकांपुढे बोलायला नको होतंस. आता भांडी विसळायला सांगितली तरी म्हणतात, मी काय तीन बोटांचा हाय?) इथे ना काळी छाती, ना पट्टे, सगळं अंग मातीचं. बोटं मोजायला काकांनी एक पिल्लू धरलं. ते म्हणाले तीन, रुचिता म्हणाली चार, नीराबाई म्हणाली चौथं तुझ्या काकांचंच असंल. लपवायला कोंबडी डालग्याखाली कोंडली, तर पिल्लं भोकांतून बाहेर आणि ही आतून आळीभर बोंब मारते. काका म्हणतात, सोडून दे. एवढ्याशा जिवांना मांजरापुढे सोडू?

म्हणून रेवसच्या लाँचने तिकडे येणाऱ्या आळीतल्या सदाच्या हाती ही चिठ्ठी. फोटो रुचिताने तुझ्या फोनवर टाकलाय. लावा की दुसरं काही, आणि कशात गुन्हा कमी, ते नीट लिही.

तुझी केसरमावशी

ता.क. रुचिताने आत्ता कबूल केलं, तोच फोटो तिने परवा गणराजलाही पाठवलाय. (अजून बघाबघी नाही आणि फोटो सुरू!) घाम पुसत विचारलं, काय म्हणाला? तर म्हणाला, "साहेबांच्या कानावर घातलंय, घाबरू नका. पंख फुटले की त्याच बांधावर सोडू. पण पाखरू कुठलं, ते मलापण ओळखू येत न्हाय." पोरगं खरं बोललं. मला पसंत आहे.

आणखी एक. त्याचे वडीलही फॉरेस्टातूनच रिटायर झालेत. रविवारी अंगणात सगळ्यांपुढे ते लेकाला विचारणारच, सांग बघू हे कोण? माझ्या जावयाची फजिती नको. तेव्हा नाव मला कळवू नकोस, त्याला कळव, गुपचूप. नंबर रुचिताला विचार, पाठ आहे तिला. शुक्रवारी दिवे लागायच्या आत त्याला उत्तर पोचलं पाहिजे. फोन उघड!