डिस्कला भोक पाडू नये याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पाणी तपासणी विभाग.

विषय : फाइल सर्व्हरची बंद पडलेली डिस्क नष्ट न करता तिच्यावरील नोंदी परत मिळवण्याबाबत.
संदर्भ : १) सर्व्हरसाठी माझी दोन वर्षांपूर्वीची मागणी. २) भांडार शाखेचे पत्र. ३) माझे तीन अर्ज, अनुत्तरित.

महोदय,

१. हा माझा चौथा अर्ज. आधीच्या तिन्हींवर ‘पाहिले’ असा शेरा आहे. काय पाहिले ते लिहिलेले नाही, म्हणून सगळे पुन्हा सांगते.

२. दोन वर्षांपूर्वी कागदी नोंदवह्या स्कॅन करून रद्दीत काढायचे ठरले. आठ माणसांच्या कार्यालयाला कोणता फाइल सर्व्हर पुरेल, हे सुचवायचे काम माझ्याकडे आले. मी दोन पाने लिहून दिली : लहान, कमी वीज खाणारे यंत्र, स्क्रीन नको, फाइल ठेवण्याचे काम चोख करणारी, फुकट मिळणारी प्रणाली, दोन सारख्या डिस्क, म्हणजे एकीवर लिहिलेले आपोआप दुसरीवरही उतरेल, तिसरी प्रत दर आठवड्याला दुसऱ्या इमारतीत, आणि वीज गेली तर यंत्र नीट बंद होईपर्यंत टिकणारी बॅटरी.

३. खरेदी अधिकाऱ्यांनी दुसरी डिस्क आणि तिसरी प्रत लाल शाईने खोडली. समासात लिहिले, ‘एकच माहिती पुन्हा पुन्हा. वगळावे.’ मी समजावायला गेले तर भर बैठकीत म्हणाले, “बाई, एका घोड्याला शेपट्या किती लावता?” सगळे हसले. बॅटरी कशाला, तर “वीज गेली की आपणही थांबतोच की.” शेवटी आला तो संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठी बनवलेला काचेचा डबा. आत निळे-जांभळे पंखे, सोबत भिंतभर स्क्रीन, पोटात डिस्क एकच. मी निदान पेन ड्राइव्हवर प्रत काढीन म्हटले, तर सुरक्षेच्या नावाखाली यंत्राच्या सगळ्या खाचांवर सहीशिक्क्याचे कागद चिकटवले.

४. गेल्या महिन्याच्या २६ तारखेला दुपारी वीज तीनदा गेली आणि आली. तिसऱ्या वेळेनंतर यंत्राला डिस्क दिसेना. मी ती काढून तपासली. ती फिरते, खरखरत नाही. बिघाड बहुधा बाहेरच्या सर्किटच्या पट्टीत आहे आणि नोंदी शाबूत असाव्यात. माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेनेही फोनवर हेच सांगितले आणि नऊ दिवस मागितले.

५. कागदी वह्या रद्दीत गेल्या, त्यामुळे खाणीजवळच्या वस्तीतल्या सात बोअरच्या सहा वर्षांच्या नोंदी आता फक्त या डिस्कवर आहेत. दर महिन्याचा नमुना मी स्वतः घेतला आहे. पाच बोअरमध्ये फ्लोराइड मर्यादेच्या वर आहे आणि दरवर्षी वाढते आहे. म्हणून त्यांना टाळे लागले. तेव्हापासून वस्तीच्या टँकरचा खर्च खाणमालकावर आहे, म्हणून टाळे काढावे अशी त्याची मागणी आहे आणि २४ तारखेला सुनावणी आहे. नोंदी नसतील तर टाळे निघेल. तिथे सात वर्षांची एक मुलगी आहे, या फ्लोराइडने तिचे गुडघे आत वळले आहेत. तिच्या आईने मला विचारले होते, “ताई, आमचं पाणी तुमच्याकडं लिहिलेलं आहे ना? मग बास झालं.” मी हो म्हटले होते.

६. आता भांडार शाखा म्हणते, डिस्क जमा करा; गोपनीयतेसाठी तिला ड्रिलने भोक पाडू, मगच नवीन यंत्र. त्याआधी मी प्रमाणपत्र द्यायचे की ‘डिस्कवर उपयुक्त माहिती नाही’. भांडारपाल म्हणतात, “सही ठोका नि मोकळ्या व्हा हो, मॅडम. दोन मिनिटांचं भोक!” डिस्क बाहेर दिली तर गोपनीयतेचा भंग म्हणे. जे पाणी लोकांच्या हाडांत उतरले, ते त्यांच्यापासूनच गुप्त कसे?

याच आठवड्यात नोंदी गहाळ केल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीसही मलाच आली. एका कागदावर विचारतात, माहिती कुठे गेली. दुसऱ्यावर लिहून मागतात, माहिती नव्हतीच. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. सही करताना त्यांनी वर काय लिहिले आहे ते वाचले असते, तर मला हा अर्ज लिहावा लागला नसता.

७. माझा खुलासा : नोंदी गहाळ नाहीत. गहाळ करण्याची तयारी मात्र भांडारात आहे. आज १४ तारीख. नऊ दिवस मोजले तर २३ येते. आपला शेरा येईपर्यंत थांबले असते तर हिशेब चुकला असता. म्हणून आज सकाळी रजा टाकून मी डिस्क स्वतः त्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. याला कबुली समजावे.

विनंती एकच. २३ तारखेला परत येतील त्या नोंदी कार्यालयाच्या म्हणून सुनावणीत सादर कराव्यात. कार्यालयाने सादर केल्या नाहीत, तर मी त्या घेऊन वस्तीच्या बाजूने साक्षीला उभी राहीन. माझ्यावर जी कारवाई करायची ती २४ नंतर कोणत्याही दिवशी करावी. मी हजर असेन.

आज्ञाधारक लिहवत नाही, तरी आपली नम्र,
(सही)
रसायनतज्ज्ञ, पाणी तपासणी विभाग
दि. १४

सोबत : १) डिस्क दिल्याची पोच. २) ‘उपयुक्त माहिती नाही’ या प्रमाणपत्राचा छापील नमुना, सही न करता परत.